मातीचा जमाखर्च

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की खतांवरील अनुदानाचा आकडा पहिल्या पानावर येतो. तो वाढला तर अर्थतज्ज्ञ चिंता व्यक्त करतात, घटला तर शेतकऱ्यांचे नेते संतप्त होतात, आणि आठ-पंधरा दिवसांत ही चर्चा मावळते. युक्रेनमधील युद्धामुळे खतांचे आणि इंधनवायूचे जागतिक भाव भडकले, तेव्हा २०२२-२३ या वर्षात हे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले होते. एवढी प्रचंड रक्कम ज्या मातीत मिसळली जाते, त्या मातीत नेमके काय घडते, याचा अभ्यास करण्यात आयुष्य वेचणारी माणसे आपल्याकडे किती आहेत आणि ती कोणत्या परिस्थितीत काम करतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

प्रस्तुत लेखक मृदाशास्त्रज्ञ नव्हे. तो महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. या विषयाकडे त्याचे लक्ष वळले ते एका विद्यार्थिनीमुळे. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याच महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन गेलेली ही मुलगी सल्ला विचारावयास आली. तुरीच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंवर ती संशोधन करीत होती. तीन हंगामांच्या नोंदी तिच्याजवळ होत्या. परंतु शिष्यवृत्तीचे पैसे महिनोन्महिने अडकत, मार्गदर्शक निवृत्तीला आलेले, त्यांची जागा भरली जाईल याची शाश्वती नाही, आणि प्राथमिक शिक्षक असलेले वडील सेवानिवृत्त झालेले. मी उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पुरवणीवर दोन रकाने आखले. एकात संशोधनाची आणखी वर्षे, त्यानंतरचे कंत्राटी काम आणि चाळिशीपर्यंतचे संभाव्य उत्पन्न मांडले. दुसऱ्यात स्पर्धा परीक्षेतून मिळू शकणारी नोकरी मांडली. बेरीज स्पष्ट होती. आज ती एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. तिची तक्रार नाही. तीन हंगामांच्या त्या नोंदी मात्र तशाच पडून आहेत, आणि सार्वजनिक वस्तूंचे प्रकरण वर्गात शिकवताना दरवर्षी मला त्या पुरवणीची आठवण होते. माझ्या हिशेबात बेरजेची चूक नव्हती. एक रकानाच राहून गेला होता.

एका कारकिर्दीचा हिशेब

तो राहिलेला रकाना कोणता, हे पाहण्यासाठी ब्राझीलचे उदाहरण उद्‌बोधक ठरावे. योहाना ड्योबेराइनर यांचा जन्म १९२४ साली त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात एका जर्मनभाषक कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर या समाजाला देश सोडावा लागला. जर्मनीत शेतांवर मजुरी करून त्यांनी दिवस काढले, म्यूनिक येथे शेतकीचे शिक्षण घेतले आणि १९५० साली पतीसह ब्राझील गाठले. पुढच्याच वर्षी रिओ दि जानेरोनजीक सेरोपेदिका येथे तेथील कृषिमंत्रालयाच्या मृदासूक्ष्मजीव-प्रयोगशाळेत त्या काम करू लागल्या. १९५६ साली त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व घेतले. २००० साली त्यांचे निधन झाले तेही सेरोपेदिकालाच. जवळजवळ अर्धशतक एका व्यक्तीने एकाच ठिकाणी, वनस्पतींची मुळे आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू हा एकच विषय धरून काम केले.

१९६० च्या दशकात ब्राझीलने सोयाबीनची लागवड वाढविण्याचे ठरविले, तेव्हा अमेरिकेकडे पाहून नत्रखताच्या आधारावर वाणांची निवड करावी, असा एक मतप्रवाह होता. ड्योबेराइनर आणि त्यांच्या समविचारी सहकाऱ्यांनी उलट भूमिका घेतली. सोयाबीनच्या मुळांवर गाठी निर्माण करणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. तेव्हा वाणांची निवडच अशी करावी की या जिवाणूंच्या जोरावर, नत्रखताविना, पीक भरघोस यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी रासायनिक खत हे प्रगतीचे चिन्ह मानले जात होते. तरीही हा आग्रह मान्य झाला. तेथील आम्लधर्मी जमिनीत टिकणाऱ्या जिवाणूंचे प्रकार वर्षानुवर्षे पारखून निवडण्यात आले आणि वाणांची पैदासही त्यांच्या जोडीने झाली.

त्याचे फळ आज जगासमोर आहे. ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा सोयाबीन-उत्पादक देश झाला असून त्याचे वार्षिक उत्पादन २०२५ साली १७ कोटी टनांच्या आसपास पोहोचले. एवढ्या अवाढव्य पिकासाठी तेथील शेतकरी नत्रखत जवळजवळ वापरतच नाही. त्याऐवजी बियाण्याला जिवाणूंचे संवर्धन लावतो. ड्योबेराइनर यांच्या परंपरेत घडलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो याच कामाच्या विस्तारासाठी. जिवाणूंच्या या वापरामुळे ब्राझीलच्या शेतकऱ्यांचा वर्षाकाठी अब्जावधी डॉलरचा खर्च वाचतो, असे त्या वेळी सांगण्यात आले. सेरोपेदिकाच्या प्रयोगशाळेवर अर्धशतकात झालेला सगळा खर्च या एका वर्षाच्या बचतीपुढे नगण्य ठरेल, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

या यशोगाथेतही अपुरेपणा होता, हे नमूद केले पाहिजे. १९७० च्या दशकात गवतवर्गीय पिकांच्या मुळांत सापडणाऱ्या ॲझोस्पिरिलम या जिवाणूवर ड्योबेराइनर यांनी मोलाचे काम केले; परंतु हे जिवाणू मका वा गहू यांना किती नत्र पुरवतील, याविषयीच्या प्रारंभीच्या अपेक्षा पुढे बऱ्याच खाली आणाव्या लागल्या. त्यांचा लाभ बव्हंशी मुळांची वाढ उत्तेजित होण्यातून मिळतो, असे पुढील संशोधनातून दिसले. संशोधन म्हणतात ते हेच. तीन वर्षांच्या मुदतीत यशाची हमी मागणाऱ्या व्यवस्थेत अशा दुरुस्तीला जागाच उरत नाही.

मुळांपाशी चालणारा व्यवहार

हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा आहे, परंतु वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करावयाचा तर चारशे अंशांच्या आसपास तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. हेच काम द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू शेतातल्या साध्या उष्णतेत करतात. १८८६ ते १८८८ या काळात हेल्‌रीगल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी या गाठींचे कार्य सिद्ध केले आणि १८८८ साली नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी त्यांतील जिवाणू वेगळे करून दाखविले. आपल्या शेतकऱ्याला कारण ठाऊक नसले तरी परिणाम ठाऊक होता. हरभऱ्याचा बेवड पुढील पिकाला मानवतो, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. आजही एखादे सोयाबीनचे रोप फुलोऱ्याच्या सुमारास हलकेच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर कारखाना चालू आहे असे समजावे. पांढरट वा हिरवट दिसला तर तो बंद आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यात विशेष रस वाटतो तो एका गोष्टीमुळे. जिवाणू हे काम धर्मादाय करीत नाहीत. वनस्पती पानांत तयार झालेली साखर त्यांना देते आणि मोबदल्यात नत्र घेते. २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवती नत्राऐवजी आरगॉन वायू ठेवला. परिणामी जिवाणूंना इच्छा असूनही, म्हणजे क्षमता असूनही, नत्र देता येईना. तेव्हा त्या गाठींतील जिवाणूंची वाढ खुंटली; वनस्पतीने त्यांचा प्राणवायूचा पुरवठा आखडता घेतल्याचे आढळले. कामचुकार भागीदाराला भागीदारीतून दूर सारण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आता या व्यवहारात बाहेरून स्वस्त युरिया ओतला तर काय होईल? जमिनीत आयते नत्र विपुल असले की वनस्पती गाठींवर साखर खर्च करण्याचे टाळते. गाठी कमी येतात आणि आलेल्या नीट काम करीत नाहीत. येथे वनस्पतीचे वर्तन तर्कशुद्धच आहे. अनुदानित वस्तू फुकट्याच्या भावात मिळू लागली की मूळचा उद्योग बंद पडतो, हे आपण कारखानदारीच्या संदर्भात शिकवतो. तेच सूत्र जमिनीखाली वीतभर अंतरावर अक्षरशः खरे ठरते. दिल्लीत ठरलेली किंमत मराठवाड्यातल्या रोपाच्या मुळापर्यंत पोहोचते, ती अशी.

आपल्याकडील चित्र

या क्षेत्रात आपण मागाहून आलो, असेही नाही. द्विदल पिकांच्या मुळांतील जिवाणूंवर एन. व्ही. जोशी यांचे काम १९२० साली प्रसिद्ध झाले होते, म्हणजे ड्योबेराइनर यांच्या जन्माच्याही आधी. अल्बर्ट हॉवर्ड यांनी सेंद्रिय खताची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली ती १९२० च्या दशकात, होळकरांच्या इंदुरात. जिवाणू खतांच्या प्रसारासाठी केंद्राने १९८३ साली गाझियाबादला राष्ट्रीय केंद्र उभारले, आणि २००६ साली या खतांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. ज्ञान, संस्था आणि कायदा या तिन्ही गोष्टी आपल्याजवळ होत्या. उणीव राहिली ती सातत्याची आणि प्राधान्याची.

किंमतधोरण पाहावे. २०१० साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, तीतून युरिया वगळण्यात आला. २०१८ पासून ४५ किलोच्या पिशवीची कमाल किंमत २४२ रुपये, लेपनखर्च व कर वगळून, अशी कायम ठेवण्यात आली. स्फुरद व पालाश यांच्या तुलनेत युरिया इतका स्वस्त असल्यावर शेतकऱ्याने तो अधिक वापरावा यात त्याचा काय दोष? नत्र, स्फुरद व पालाश यांचे ४:२:१ हे प्रमाण पाठ्यपुस्तकातच राहिले.

२०१५ साली मृद आरोग्यपत्रिकेची योजना सुरू झाली. योजना स्तुत्य होती. या पत्रिकेत बारा निकष ठेवण्यात आले : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चिमूटभर मातीत अब्जावधी जिवाणू असतात, असे विज्ञान सांगते. परंतु या बारा रकान्यांत, सेंद्रिय कर्बाचा अप्रत्यक्ष अपवाद सोडल्यास, सजीवांसाठी एकही रकाना नाही. माणसाच्या आरोग्यपत्रिकेत हाडांतील चुन्याचे प्रमाण नोंदवावे आणि श्वास चालू आहे की नाही हे पाहू नये, असाच हा प्रकार झाला.

महाराष्ट्रात सोयाबीनचे क्षेत्र सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर गेले आहे. विदर्भ-मराठवाड्यातील लक्षावधी कुटुंबांचे वर्षाचे गणित या एका पिकावर अवलंबून असते. बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळावे, ही शिफारस जुनीच आहे. मग तिचा प्रसार का होत नाही? एक कारण असे की पाकिटात असतो तो जीव आहे. कृषिसेवा केंद्राच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ते पाकीट पडून राहिले की आतले जिवाणू मरतात. बाहेरचे वेष्टन मात्र तसेच दिसते. चांगले पाकीट आणि मेलेले पाकीट यांतील भेद खरेदीदाराला कळत नाही. अशा बाजाराचे विश्लेषण जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून १९७० साली केले होते : गुणवत्ता पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. एकदा फसलेला शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही. ते पाकीट तपासण्यासाठी, आणि आपल्या उष्ण व कोरडवाहू जमिनीत तगून राहणारे जिवाणू शोधण्यासाठी, जी माणसे हवीत त्यांत माझी ती विद्यार्थिनी होती.

बाजाराला न दिसणारे मूल्य

अशा संशोधनाला बाजार पैसा पुरवीत नाही, याची कारणे सरळ आहेत. युरियाची पिशवी विकता येते. युरिया कमी घाला, हे ज्ञान विकता येत नाही. ते एकाला कळले की शेजाऱ्याला कळते. त्याचा लाभ असंख्यांत विभागला जातो आणि खर्च मात्र एका ठिकाणी पडतो. शिवाय मातीचा काळ हा प्रकल्पाच्या काळापेक्षा वेगळा असतो. इंग्लंडमधील रॉथम्‌स्टेड येथे १८४३ साली आरंभलेले शेतप्रयोग आजही चालू आहेत, आणि त्यांचे मोल प्रत्येक दशकागणिक वाढत गेले आहे. आपल्याकडे तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो. पहिले वर्ष यंत्रसामग्रीच्या निविदांत जाते, तिसरे अहवालात. मधल्या वर्षी पाऊस नीट झाला नाही तर निष्कर्ष कशावर काढावयाचा?

त्यातच संशोधन आणि विकासावर आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ०.६४ टक्के होते. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ च्या आरंभापासून दरमहा ३७ हजार रुपये झाली, हे स्वागतार्ह आहे; परंतु ती वेळेवर हाती पडणे आणि तिच्यानंतर एखादी कायम जागा दिसणे, या दोन गोष्टींवाचून ती वाढ अपुरी ठरते. ड्योबेराइनर यांच्या कर्तृत्वाचे रहस्य केवळ प्रतिभेत नव्हते. त्यांना बसावयास जागा मिळाली, आणि ती पन्नास वर्षे त्यांच्याकडून कोणी काढून घेतली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

भाबडेपणा नको

येथे एक इशारा आवश्यक आहे. ब्राझीलचे यश जसेच्या तसे येथे उचलून आणता येणार नाही. तेथील जमिनीला सोयाबीन नवे होते, त्याचे जिवाणू मुळातच नव्हते. त्यामुळे बाहेरून सोडलेल्या जिवाणूंना प्रतिस्पर्धी नव्हता. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या आपल्या शेतांत आधीपासून वस्ती करून असलेले जिवाणू नव्यांना सहजासहजी शिरकाव करू देत नाहीत. भात, गहू आणि ऊस यांना नत्रखतावाचून आजचे उत्पादन देता येणार नाही, हेही उघड आहे. २०२१ साली श्रीलंकेने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि काही महिन्यांतच, पिकांची व शेतकऱ्यांची वाताहत पाहून, ती मागे घेतली. खत हे विष आहे, अशी घोषणा करणारे आणि खत हेच सर्वस्व आहे, असे मानणारे, दोघेही मातीचा अभ्यास टाळतात. कोणत्या पिकाला, कोणत्या जमिनीत, किती नत्र जिवाणूंकडून मिळेल आणि किती पिशवीतून द्यावे लागेल, हे घोषणेने ठरत नाही. ते ठरविण्यासाठी कोणीतरी दहा-वीस वर्षे तीच मुळे पुन्हा पुन्हा उपटून पाहिली पाहिजेत.

करता येण्याजोगे

तेव्हा मागणी फार मोठी नाही. खत अनुदान दीड लाख कोटी रुपये धरले तरी त्याचा एक टक्का म्हणजे पंधराशे कोटी रुपये होतात. तेवढी रक्कम दरवर्षी मृदाविज्ञानाकडे, विशेषतः मातीतील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाकडे, वळवावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत दीर्घ मुदतीच्या प्रयोगक्षेत्रांना संरक्षित निधी असावा आणि तेथील संशोधकांच्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. जिवाणू खतांची तपासणी कारखान्यात नव्हे, तर दुकानातल्या फळीवर, पेरणीच्या आठवड्यात व्हावी. मृद आरोग्यपत्रिकेत तेरावा रकाना जोडावा. मातीचा श्वसनवेग मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळांना नवीन नाहीत. आणि युरियाच्या किमतीतील विकृती टप्प्याटप्प्याने दूर करताना वाचलेला पैसा शेतकऱ्याच्या हाती थेट पडावा, म्हणजे सुधारणेचा भार त्याच्यावर येणार नाही.

यांपैकी एकही सूचना क्रांतिकारक नाही. तथापि तिच्यामागे एक दृष्टी हवी. जो खर्च आज दिसतो आणि ज्याचा लाभ वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या शेतात उगवतो, तो खर्च करण्याची तयारी म्हणजेच शासन, अशी व्याख्या केली तर ती चुकीची ठरू नये. व्यक्तीने चाळिशीपर्यंतच्या उत्पन्नाची बेरीज करावी, हे तिला शोभते. समाजानेही तेवढीच बेरीज केली तर त्याचे दिवाळे निघाल्यावाचून राहत नाही. ते निघाल्याचे वर्तमानपत्रात छापून येत नाही, एवढेच.

या जूनमध्ये माझ्या वर्गातील आणखी कोणी तसाच सल्ला विचारावयास आले तर मी काय सांगावे? खोटे आश्वासन देणे मला जमणार नाही. रकाने आजही तेच आहेत आणि बेरीजही जवळजवळ तीच येते. परंतु या वेळी मी तिसरा रकाना आखून दाखवीन, आणि तो भरण्याचे काम तिचे किंवा तिच्या वडिलांचे नसून आपणा सर्वांचे आहे, असे त्याखाली लिहीन. त्या मुलीच्या तीन हंगामांच्या नोंदी कोणीतरी पुढे चालवाव्यात, म्हणून मी गेल्या महिन्यात तिला पत्र लिहिले. वह्या तिने जपून ठेवल्या आहेत, असे तिचे उत्तर आले आहे. त्या कोणाच्या हाती द्यावयाच्या, याचे उत्तर मात्र अद्याप मला सापडलेले नाही.